बॅटरी डिकीत टाकायची म्हणताय? आधी हे ऐका

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "तर" आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसं.)

लोकलमध्ये उभे असाल, पीएमपीच्या बसमध्ये खिडकी पकडून बसला असाल किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटेच चहा पीत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आज गाडीवर बोलायचंय. मी गाड्यांमधला तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. मी बीटेक कॉम्प्युटरवाला, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण आमच्या घरात "इंजिनिअर आहे ना तो, त्याला विचार" हे वाक्य फ्रिजपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला लागू होतं. त्यामुळे मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. मी त्याला दादा म्हणतो. दादाकडे जुनी होंडा सिटी आहे, पेट्रोल, आणि त्याला ऑटोक्रॉसचं वेड लागलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोकळ्या मैदानावर कोन लावून केलेल्या ट्रॅकवर एकेकट्याने वेळ लावायची, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. दादा म्हणाला, "अरे, बॅटरी पुढून काढून डिकीत टाकतोय. मिस्त्री म्हणतोय अर्ध्या दिवसाचं काम आहे. तू फक्त वायरिंगवर एक नजर टाक."

आता हीच गाडी शनिवार-रविवारी मावशी-काकांना घेऊन साताऱ्याला जाते. मागच्या सीटवर दादाच्या चार वर्षांच्या मुलीची चाइल्ड सीट आहे. म्हणजे जी बॅटरी डिकीत जाणार, ती तिच्या पाठीमागे दोन फुटांवर असणार. म्हणून मी एका नजरेवर थांबलो नाही, वही-पेन घेऊन बसलो.

पहिला प्रश्न, हे करायचंच कशाला? दोन कारणं असतात. एक म्हणजे जागा. बॉनेटखाली मोठा एअर फिल्टर बसवायचाय, टर्बोचा पाइप न्यायचाय आणि नेमकी बॅटरी मध्ये येतेय. हे कारण खरं आहे, यावर वादच नाही. दुसरं कारण वजन, आणि इथे हिशोब करायला मजा येते.

गाडी ९५० किलोची धरा. पुढच्या चाकांवर ६० टक्के भार, म्हणजे ५७० किलो. बॅटरी १२ किलोची. ती पुढून उचलून ३ मीटर मागे नेली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर असेल, तर पुढचा भार १२ गुणिले ३ भागिले २.४, म्हणजे १५ किलोंनी कमी होतो. बॅटरी १२ किलोची आणि फरक १५ चा कसा? कारण ती मूळची पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकलेली होती आणि आता मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे गेली. सी-सॉ आठवा. तर ५७० चे ५५५ झाले. ६० टक्क्यांचे ५८.४ टक्के. झालं, एवढंच.

हे क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. ऑटोक्रॉसमध्ये पुढे जड असलेली गाडी वळणात नाक बाहेर काढते, तिथे हा दीड टक्का उपयोगाचा ठरू शकतो. पण दादाच्या डिकीत त्या दिवशी जवळपास १८ किलोचा सबवूफर होता, हेही इथे नोंदवून ठेवतो. त्याबद्दल विचारल्यावर "तो विषय वेगळा" असं उत्तर मिळालं.

आणि हो, गाडी हलकी होत नाही, जड होते. पाच मीटर जाड केबल, बॉक्स, ब्रॅकेट, स्विच, सगळं मिळून तीन-चार किलो सहज वाढतात. "वेट रिडक्शन" म्हणून कोणी हे सुचवत असेल तर त्याला वजनकाटा दाखवा. वजनच कमी करायचं असेल तर पुढेच, त्याच जागी छोटी हलकी बॅटरी बसवा. पाच-सहा किलो खरोखर जातील आणि एकही वायर हलवावी लागणार नाही. मला विचाराल तर रोजच्या गाडीसाठी हाच मार्ग बरा.

आता एक गंमत. हे खूळ आपल्याकडे बरंचसं अमेरिकन ड्रॅग रेसिंगच्या व्हिडिओंमधून आलंय. तिथल्या गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. सुटताना भार मागे जातो, मागच्या चाकांना पकड मिळते, म्हणून ते बॅटरी मागे टाकतात. तीही बहुतेक उजव्या कोपऱ्यात, कारण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे मॉडिफाय होणाऱ्या गाड्या कोणत्या? स्विफ्ट, पोलो, सिटी. सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर "व्हॅली रन"च्या ड्रॅग रेस होतात, तिथे जर पुढच्या चाकांची गाडी घेऊन उतरायचं असेल तर बॅटरी मागे टाकून तुम्ही स्वतःच्याच ड्रायव्हिंग चाकांवरचा भार कमी करताय. सुटताना टायर आणखी फिरणार. आणि कोपराही तसाच कॉपी केला तर उजवीकडे ड्रायव्हर, उजवीकडेच बॅटरी. आपल्याला डावा कोपरा हवा. म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोवरचा कोड कॉपी केला, पण तो दुसऱ्याच व्हर्जनसाठी होता!

कंपन्या स्वतः बॅटरी मागे टाकतात का? टाकतात. १९५९ ची ब्रिटिश मिनी, तिची बॅटरी डिकीच्या तळाशी होती. पहिल्या पिढीच्या माझदा मिआटाची बॅटरी डिकीत. बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेल्समध्ये डिकीत. त्यामुळे "डिकीत बॅटरी म्हणजे धोका" असं सरसकट म्हणता येत नाही. फक्त त्यांनी तिथे आणखी काय काय केलंय ते बघायचं. बीएमडब्ल्यूच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर एक छोटा स्फोटक चार्ज असलेला क्लॅम्प असतो. अपघात झाला की एअरबॅगचा कंट्रोलर त्याला सिग्नल देतो आणि पुढे जाणारी जाड केबल बॅटरीपासून तुटते. मिआटात गॅस बाहेर न्यायला नळी दिलेली आहे. म्हणजे जागा बदलली की जबाबदाऱ्या वाढतात, हे त्यांना माहीत होतं.

आता वायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आग इथेच लागते.

दादाच्या मिस्त्रीने १६ स्क्वेअर एमएमची केबल काढून ठेवली होती. चांगली जाड दिसत होती. पण सेल्फ मारताना त्या वायरीतून २०० अँपिअर जातात असं धरा. तांब्याची ५ मीटर, १६ स्क्वेअरची केबल म्हणजे साधारण ५.४ मिलिओहम रोध. शाळेतला ओहमचा नियम लावा, एक व्होल्टच्या वर केबलमध्येच गळाला. सेल्फ फिरताना बॅटरी आधीच साडेदहाच्या आसपास आलेली असते, त्यातून आणखी एक गेला. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी ती गाडी रडत रडत सुरू होणार. ३५ स्क्वेअर घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते, ५० घेतली तर एक तृतीयांशावर. लवचीक हवी, बारीक तारांची, म्हणून वेल्डिंग केबल वापरतात. ते चालतं, फक्त तिच्यावर आख्खी स्लीव्ह चढवा. वेल्डिंग केबलचं रबर तेल आणि उष्णतेसाठी बनवलेलंच असेल याची खात्री नसते.

आणि एक फसवणूक सांगतो. कार ऑडिओच्या दुकानात "झिरो गेज" म्हणून स्वस्तात मिळणारी जाडजूड केबल बऱ्याचदा सीसीए असते. म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. ओळखायची कशी? एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमकली की दुकानदाराला परत द्या.

हे झालं गाडी सुरू होण्यापुरतं. आता शॉर्ट झाली तर काय होतं ते बघू. मिस्त्रीने फ्यूज लावलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, कंपनीच्या गाडीत सेल्फच्या वायरीला फ्यूज असतो का कधी?" प्रश्न रास्त आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये नसतो. पण तिथे ती वायर दीड-दोन फुटांची असते, इंजिनच्या बाजूने, उघड्यावर. इथे तीच वायर पाच मीटर होते. डिकीतून मागच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्यातून, गालिच्याखालून, फायरवॉलच्या भोकातून जाते. पाऊण-एक मिलिमीटर पत्र्याची ती भोकाची कड सुरीसारखी असते. रबरी ग्रोमेट नसेल तर खड्ड्याखड्ड्याने ती इन्सुलेशन कापत राहते. पुण्याचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.

समजा, ती केबल पुढच्या टोकाला बॉडीला टेकली. बॅटरीचा आतला रोध ८ मिलिओहम धरा, केबलचे ५.४. करंट ९०० अँपिअरच्या वर. केबलमध्ये तयार होणारी उष्णता साधारण पावणेपाच किलोवॅट. तुमच्या बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे गालिच्याखाली दोनपेक्षा जास्त गीझर चालू झाले, आणि गरम करायला पाणी नाहीये, फक्त पाऊण किलो तांबं आहे. ते सेकंदाला साधारण १७ अंशांनी तापतं. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असतं. दहा सेकंदांत तुम्ही दोनशेच्या पुढे. या दहा सेकंदांत तुम्ही काय करणार? आधी वास कसला येतोय हे विचारणार, मग गाडी बाजूला घेणार. चावी बंद केलीत तरी काही उपयोग नाही, कारण ही वायर चावीच्या आधीच आहे.

म्हणून फ्यूज, आणि तोही बॅटरीच्या शेजारी. इंजिनजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटरना वाचवत नाही, कारण करंट तिथपर्यंत पोचतच नाही. बॅटरीपासून जितक्या जवळ लावता येईल तितका लावा. कार ऑडिओवाले दीड फुटाच्या आत म्हणतात, मी म्हणेन वीतभर.

किती अँपिअरचा? सेल्फ सुरू होताना क्षणभर ३०० च्या पुढे जाऊ शकतो, मग शंभर-दीडशेवर येतो. त्यामुळे लगेच उडणारा फ्यूज चालत नाही. बोल्टने बसणारे मेगा फ्यूज मिळतात, ते मुद्दाम थोडे सावकाश उडतात. दादाच्या गाडीला २५० चा घेतला. दुप्पट करंटला तो काही सेकंद तग धरतो, पण शॉर्टच्या हजार अँपिअरला फार टिकत नाही. आता इथे मला आवडलेली गोष्ट. केबल ५० स्क्वेअरची घेतली की रोध कमी, म्हणून शॉर्टचा करंट वाढून १३०० च्या आसपास जातो. ऐकायला वाईट वाटतं ना? पण करंट वाढला म्हणून फ्यूज आणखी लवकर उडतो, आणि तांबं तिप्पट असल्याने केबल सेकंदाला तीन-चार अंशच तापते. फ्यूज उडेपर्यंत केबल फक्त कोमट झालेली असते. बारीक केबल आणि फ्यूज नाही, याच्या बरोबर उलटं.

टोकाला थिंबल लावताना हातोडीने ठोकू नका. हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून घ्या. इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटांत करून देतात.

आता अर्थ. निगेटिव्ह वायर पुढपर्यंत नेत नाहीत, डिकीतच बॉडीला लावतात. बॉडी स्वतः मोठी वायर आहे, ते ठीक. पण रंगावर बोल्ट कसला तर तो अर्थ नव्हे. पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, बोल्ट कसा, मग वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज येईल. आणि पुढे इंजिनपासून बॉडीपर्यंत जी पट्टी असते, ती विसरतात सगळे. आधी बॅटरीची निगेटिव्ह बऱ्याचदा थेट इंजिन किंवा गिअरबॉक्सवर यायची, तो मोठा रस्ता होता. आता सेल्फचा सगळा करंट त्या इवल्याशा पट्टीतून परत जाणार. तिथे रस्ता कमी पडला की करंट दुसरी वाट शोधतो, उदाहरणार्थ अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल. त्या तापतात, चिकटतात. "बॅटरी मागे टाकल्यापासून अ‍ॅक्सिलरेटर जड झालाय" असं कोणी म्हणालं तर आधी तिथे बघा. पॉझिटिव्ह जितकी जाड, तितकीच ही पट्टी.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक वाक्य: निगेटिव्ह टर्मिनलवर जर छोटा चौकोनी सेन्सर असेल, तर बॅटरीतून जाणारा प्रत्येक अर्थ त्या सेन्सरनंतरच जोडायचा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीचा हिशोबच लागत नाही.

पुढे गॅस. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीजवळचा तो आंबूस वास माहीत असेल. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली की, हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. बॉनेटखाली वारा असतो, उडून जातो. डिकी बंद डबा आहे, आणि सिटीसारख्या गाडीतही डिकीतली हवा मागच्या सीटच्या फटींतून आत येतेच. हॅचबॅकमध्ये तर डिकी आणि केबिन एकच खोली.

इथे एक गैरसमज. "माझी मेंटेनन्स-फ्री आहे, त्यात पाणी घालावं लागत नाही, म्हणजे गॅस नाही." पाणी घालावं लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. आत अ‍ॅसिड पातळच असतं आणि वरून श्वास घ्यायला भोकं असतात. डिकीसाठी एजीएम घ्या. त्यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, बहुतेक गॅस आतल्या आत पुन्हा पाणी होतो. तरी तिलाही एक व्हॉल्व्ह असतो, अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढलं की तीही गॅस सोडते. म्हणून बंद बॉक्स, आणि बॉक्समधून गाडीच्या तळाखाली जाणारी नळी.

एका श्रोत्याने आधीच विचारून ठेवलंय: "माझ्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, तिच्या शेजारी जागा आहे, चालेल का?" नाही. एका बंद जागेत गॅसचे जोड आणि दुसऱ्या हाताला ठिणगी देऊ शकणारी गोष्ट, यावर मी कुठलाही हिशोब करणार नाही.

आता जो भाग दादाला पटवायला सगळ्यात कमी वेळ लागला. बॅटरी बांधायची कशाने? मिस्त्रींकडे रबरी हुकवाला दोर होता, तो आपण स्कूटीवर पिशवी बांधायला वापरतो ना, तोच. मी दादाला फक्त एक गुणाकार करून दाखवला. जोरदार धडकेत २० जी सहज येतो. १२ किलो गुणिले २०, म्हणजे २४० किलोच्या जोराने ती बॅटरी पुढे यायला बघणार. पुढे काय आहे? सीटचा पाठीमागचा पत्रा, आणि त्याच्यापुढे चाइल्ड सीट. दादा काही बोलला नाही. दोर उचलून बाहेर ठेवला.

मग आम्ही एफआयएचे नियम बघितले. रॅलीच्या गाड्यांमध्ये बॅटरी मूळ जागेवरून हलवली तर ती धातूच्या बैठकीत, दोन धातूच्या पट्ट्यांनी, इन्सुलेशन घालून, जमिनीला बोल्टने बसवावी लागते. बोल्ट किमान १० मिलिमीटरचे आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूने, किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि २० चौरस सेंटिमीटरची प्लेट. प्लेट कशाला? कारण नुसता वॉशर असेल तर धडकेत बोल्ट तुटत नाही, तो पत्रा फाडून निघून येतो. अमेरिकेत एनएचआरएचा ड्रॅगचा नियम आणखी वेगळा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी आणि केबिनच्या मध्ये पत्र्याची भिंत लागते, किंवा बॅटरी सीलबंद बॉक्समध्ये, आणि गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येईल असा मेन स्विच. बाहेरून का, तर आत अडकलेल्या माणसाला तो सापडणार नाही, पण धावत आलेल्याला सापडेल.

जागाही विचार करून निवडा. डिकीच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात टाकली तर सी-सॉचा फायदा जास्त, पण मागून कोणी ठोकलं की पहिला चिरडला जाणारा भाग तोच. एक्स्प्रेसवेला मागून येणारा ट्रक तुमचा दीड टक्का बघत नाही. दादाची आम्ही मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ, डाव्या बाजूला घेतली. हिशोबातले १५ किलो १३ वर आले. येऊ देत.

मेन स्विचची एक भानगड. फक्त बॅटरी तोडली की गाडी बंद होईल असं वाटतं, पण इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर वीज बनवतोच आहे. गाडी खुशाल चालू राहते, वर बॅटरीचा आधार गेल्याने व्होल्टेज उसळून ईसीयूला धोका. म्हणून रेसिंगचे स्विच सहा टोकांचे असतात. दोन जाड टोकं बॅटरीची, दोन बारीक टोकं इग्निशन तोडायला, आणि उरलेल्या दोनांवर एक रेझिस्टर, जो अल्टरनेटरची उरलेली ऊर्जा पिऊन टाकतो. घेताना दोन टोकांचा स्वस्त घेऊ नका. आणि बाहेर चिन्ह लावा: निळा त्रिकोण, पांढरी कड, आत लाल वीज.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॅटरी कुठे आहे हे आरसीवर लिहिलेलं नसतं, खरंय. पण आग लागली आणि सर्व्हेअर आला, तर तो आरसी नाही, डिकी बघतो. विमा कंपनीला आधी लेखी कळवा, उत्तर लेखी घ्या. दादाने कळवलंय.

हां, आणि बॉनेटखाली एक जंप पोस्ट ठेवा, झाकण असलेला. डिकी बटणाने उघडत असेल आणि बॅटरी मेली, तर बॅटरीपर्यंत पोचायला डिकी उघडायला हवी आणि डिकी उघडायला बॅटरी हवी. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात.

मग झालं का काम? झालं. अर्ध्या दिवसाच्या ऐवजी दोन रविवार लागले. मिस्त्रींचं कौतुक करायला हवं, एकदा कागदावर आकडे दाखवल्यावर त्यांनी प्लेट इतक्या नीट कापून आणल्या की मी फोटो काढला. शेवटी मल्टिमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं लांब वायरने सेल्फच्या बोल्टवर, आणि दादाला म्हटलं मार सेल्फ. ०.३ च्या जरा वर. अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, पास. मग तेच निगेटिव्ह आणि इंजिनच्या मध्ये. तिथे आधी ०.४ आला. इंजिनची पट्टी बदलली, ०.१ वर आला. ही चाचणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. गॅरेजमधून गाडी घेताना समोर करून घ्या. केबल कुठे गालिच्याखाली गेली ते दिसत नाही, पण हा आकडा दिसतो.

आता तुम्ही विचाराल, टाइम किती कमी झाला? दादाचा पुढच्या ऑटोक्रॉसला दीड सेकंद कमी झाला. तो सगळ्यांना बॅटरीचं कौतुक सांगत फिरतोय. पण त्याच आठवड्यात त्याने चारही टायर नवे टाकले होते. दोन व्हेरिएबल एकदम बदलले, टेस्ट फेल, मी काहीही सांगू शकत नाही. सबवूफर अजून डिकीतच आहे, बॅटरीच्या उजव्या बाजूला.

चला, पुढच्या भागात अर्थिंगवर आलेले प्रश्न घेऊ. तुमच्या गाडीचा व्होल्टेज ड्रॉप मोजलात तर आकडा पाठवा, गाडीचं नाव आणि केबलची जाडी लिहून. भेटू.